लोडलाइन: कुठली कड धरायची, धक्क्यावर किती बुडवायचं आणि 'टी'पर्यंत भरलं तर चालतं का?

होकायंत्र (प्रश्न)

लोडलाइनची (जहाज किती बुडू द्यायचं हे दाखवणाऱ्या, बाजूच्या पत्र्यावरच्या खुणांची) आकृती पाठ आहे, पण आकडे घालून माल किती घेता येईल हे काढायला बसलं की गाडी अडते. उदाहरणासाठी एक जहाज धरू. लांबी १६५ मीटर, रुंदी २७ मीटर, समर ड्राफ्ट (समर रेषेपर्यंत बुडालेली खोली) ९.६० मीटर, त्या ड्राफ्टला खाऱ्या पाण्यातलं विस्थापन (जहाजाचं एकूण वजन) ३३,६०० टन, टीपीसी (एक सेंटीमीटर बुडायला लागणारं वजन) ४० टन. धक्क्याच्या पाण्याची घनता १.०१० (समुद्राची १.०२५, गोड्या पाण्याची १). पोर्ट (डाव्या) बाजूला पाणी एस (समर) रेषेच्या १२० मिमी खाली आहे, स्टारबोर्डला (उजवीकडे) ६० मिमी खाली.

अडचणी अशा:

रेषा २५ मिमी जाड आहे. मोजायचं तिच्या वरच्या कडेपासून, मध्यापासून की खालच्या कडेपासून?

पाणी ना धड गोडं ना धड खारं. मग एस धरायची की एफ (गोड्या पाण्याची रेषा)?

लोडिंग ट्रॉपिकल झोनमध्ये आहे आणि निघाल्यावर पाच दिवसांनी समर झोन लागतो. धक्क्यावर टी (ट्रॉपिकल) रेषेपर्यंत भरलं तर बरोबर आहे का?

दोन बाजूंची वाचनं वेगळी आहेत, त्यातलं कुठलं खरं मानायचं?

शेवटचं म्हणजे, डब्ल्यूएनए (विंटर नॉर्थ अटलांटिक) ही रेषा काही जहाजांवर दिसते, काहींवर नाही. का?

---

सुकाणू

आधी खुणांची मापं सांगतो, कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

सगळ्यात वर डेक लाइन असते, ३०० मिमी लांब आणि २५ मिमी जाड. फ्रीबोर्ड डेकचा (ज्या डेकपासून फ्रीबोर्ड, म्हणजे पाण्यापासून डेकपर्यंतची उंची, मोजतात त्याचा) वरचा पृष्ठभाग बाहेर वाढवला तर जहाजाच्या पत्र्याला जिथे भेटेल, तिथे या रेषेची वरची कड येते. तिच्याखाली वर्तुळ, बाहेरचा व्यास ३०० मिमी. वर्तुळातून ४५० मिमी लांबीची आडवी रेषा जाते आणि तिची वरची कड बरोबर वर्तुळाच्या केंद्रातून जाते. डेक लाइनच्या वरच्या कडेपासून या केंद्रापर्यंतचं उभं अंतर म्हणजे समर फ्रीबोर्ड. सर्टिफिकेटवर तोच आकडा असतो.

केंद्रापासून ५४० मिमी पुढे, म्हणजे नाळेच्या दिशेला, एक उभी रेषा असते. तिला २३० मिमी लांबीच्या आडव्या रेषा जोडलेल्या असतात. खाऱ्या पाण्याच्या रेषा (टी, एस, डब्ल्यू म्हणजे विंटर, असल्यास डब्ल्यूएनए) उभ्या रेषेच्या पुढच्या बाजूला, गोड्या पाण्याच्या (एफ आणि ट्रॉपिकलसाठी टीएफ) मागच्या बाजूला. एस आणि वर्तुळातली आडवी रेषा एकाच पातळीवर असतात.

सगळीकडे वरची कडच धरायची. एसची खालची कड पाण्याला टेकली म्हणजे जहाज अजून २५ मिमी बुडायचं आहे. तुमच्या जहाजाला २५ मिमी म्हणजे १०० टन, त्यामुळे कड चुकली तर हिशेबात १०० टनांची चूक.

वर्तुळाच्या दोन्ही बाजूंना दिसणारी अक्षरं ही फ्रीबोर्ड ठरवून देणाऱ्या संस्थेची. एलआर म्हणजे लॉइड्स रजिस्टर, एबी म्हणजे अमेरिकन ब्युरो, बीव्ही म्हणजे ब्युरो व्हेरिटास. लोडिंगच्या हिशेबाशी त्यांचा संबंध नाही.

खुणा पत्र्यावर कायमच्या कोरलेल्या किंवा वेल्ड केलेल्या असाव्या लागतात. गडद पत्र्यावर पांढरा किंवा पिवळा रंग, फिक्या पत्र्यावर काळा. ड्रायडॉकमध्ये घाईने रंगकाम झालं की रंग वेल्डच्या कडेबाहेर पसरतो आणि पुढची अनेक वर्षं लोक रंगाची कड वाचत राहतात. ड्रायडॉकमध्ये असतानाच टेप लावून डेक लाइन ते वर्तुळकेंद्र हे अंतर सर्टिफिकेटशी ताडून घ्यावं, दोन्ही बाजूंना. दहा मिनिटांचं काम आहे.

---

भरतीओहोटी

पाण्याच्या घनतेचं मी घेतो.

एफ रेषा एसच्या वर असते, पण गोड्या पाण्यात जास्त माल घ्यायची ती सवलत नाही. माल तोच. गोडं पाणी हलकं म्हणून तेवढंच वजन तोलायला जहाज जास्त बुडतं, आणि समुद्रात आलं की आपोआप वर उचललं जाऊन एसवर येतं. एस आणि एफमधलं अंतर म्हणजे फ्रेश वॉटर अलाउन्स. मिलिमीटरमध्ये काढायचा तर समर विस्थापन भागिले टीपीसीची चौपट:

३३,६०० ÷ (४ × ४०) = २१० मिमी

निमखाऱ्या पाण्यात यातला काही हिस्सा मिळतो (घनता हजारपट करून):

२१० × (१०२५ − १०१०) ÷ २५ = १२६ मिमी

म्हणजे धक्क्यावर ना एस धरायची ना एफ. एसच्या १२६ मिमी वरपर्यंत पाणी आलं तरी समुद्रात जहाज एसवर येईल.

आता तुमची वाचनं. १२० आणि ६० यांची सरासरी ९०. म्हणजे एसपर्यंत ९० मिमी आणि त्यापुढे १२६, एकूण २१६ मिमी बुडायला वाव. टीपीसी ४० हा खाऱ्या पाण्याचा आकडा आहे, धक्क्याच्या पाण्यात तो ४० × १.०१० ÷ १.०२५ = ३९.४ होतो. २१.६ सेंमी × ३९.४ = साधारण ८५१ टन.

हाच हिशेब विस्थापनातून करून बघा. आत्ताचा मधला ड्राफ्ट ९.५१. खाऱ्या पाण्यात त्याला ३३,६०० − ३६० = ३३,२४० टन. १.०१० घनतेला तेच ३२,७५४ टन. ३३,६०० मधून वजा केलं तर ८४६ उरतात. पाच टनांचा फरक येतो, कारण सूत्र घनतेशी सरळ प्रमाण धरतं आणि प्रत्यक्षात आकारमान घनतेच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. दोन्ही टोकांना सूत्र बरोबर, मधल्या घनतांना किंचित जास्त देतं. हिशेब विस्थापनावरून करावा आणि सूत्र पडताळणीला ठेवावं, असं माझं मत.

खरी चूक सहसा सूत्रात नसते, बादलीत असते. नमुना वरवरच्या पाण्याचा घेतात, तोही जहाजाचं कूलिंग वॉटर किंवा बॅलास्ट (तोलासाठी घेतलेलं पाणी) जिथे बाहेर पडतं त्याच्या शेजारून. नदीमुखाच्या बंदरात हलकं गोडं पाणी वर आणि खारं खाली असे थर असतात. त्यामुळे वरचा नमुना कमी घनता दाखवतो, अलाउन्स जास्त निघतो आणि जहाज समुद्रात एस बुडवून निघतं. नमुना ड्राफ्टच्या वेगवेगळ्या खोलींवरून, पुढे-मध्ये-मागे असा घ्यावा, आणि वाचनाच्या वेळीच घ्यावा. भरतीला बाहेरचं खारं पाणी आत येतं, ओहोटीला नदीचं पाणी खाली उतरतं. सकाळची घनता संध्याकाळच्या ड्राफ्टला लावून चालत नाही.

आणखी एक सूट आहे, ती बरेचजण विसरतात. बंदर नदीवर किंवा देशांतर्गत पाण्यावर असेल, तर तिथून समुद्रापर्यंत जाईतो जेवढं इंधन आणि इतर सामान खर्च होणार तेवढं वजन जास्त घेता येतं. दिवसाला २४ टन इंधन लागत असेल आणि नदीतून दहा तासांचा प्रवास असेल तर १० टन.

---

लंबवर्तुळ

टी रेषेबद्दल. चूक होते ती इथेच, आणि मोठी होते.

१९६६च्या आंतरराष्ट्रीय लोडलाइन कराराचा बारावा अनुच्छेद सांगतो की त्या झोनला आणि ऋतूला लागू असलेली रेषा जहाज समुद्रात निघताना, प्रवासात आणि पोहोचताना, केव्हाही बुडता कामा नये. निघताना बरोबर असणं एवढ्यावर भागत नाही. त्यामुळे वाटेतला सगळ्यात कडक झोन शोधायचा आणि तिथून उलटा हिशेब करत धक्क्यापर्यंत यायचं.

टी आणि डब्ल्यू या रेषा एसपासून समर ड्राफ्टच्या १/४८ अंतरावर असतात, टी वर आणि डब्ल्यू खाली. इथे ९.६० ÷ ४८ = २०० मिमी. म्हणजे टी ९.८० वर, डब्ल्यू ९.४० वर. २०० मिमी म्हणजे ८०० टन.

समजा पाच दिवसांत रोज ३० टन इंधन आणि १० टन पाणी खर्च होतं, समुद्राचं पाणी गोडं करायचं यंत्र चालवत नाही असं धरून. एकूण २०० टन. समर झोनच्या सीमेवर जहाज ३३,६०० टनांपेक्षा जड नको. म्हणून ट्रॉपिकल झोनमधून निघताना जास्तीत जास्त ३३,८००, म्हणजे खाऱ्या पाण्यात ९.६५ ड्राफ्ट. टी रेषा अजून १५ सेंमी वर राहते, तिला हात लावायचा नाही. टीपर्यंत भरून निघालात तर समर झोनमध्ये ६०० टन जास्त घेऊन शिराल आणि भर समुद्रात ते उतरवायला जागा नसते.

म्हणजे भरतीओहोटी यांच्या ८४६ मध्ये २०० मिळवा: १,०४६ टन. यात अजून घ्यायचं इंधन, पाणी, सामान हे सगळं आलं. नुसत्या मालाचा आकडा त्याहून कमी. पाणी बनवायचं यंत्र चालवणार असाल तर रोजचे १० टन वगळा, १५० टनच मिळतील. बॅलास्ट बाहेर टाकून वजन कमी करता येतं, पण स्थिरता आणि पुढे-मागे येणारा ताण तपासल्याशिवाय तो बेत धरू नये.

झोन कुठून आले हेही समजून घ्या, म्हणजे नकाशा घोकावा लागत नाही. निकष वाऱ्याचा आहे. ब्यूफोर्ट ८ किंवा अधिक जोराचे, म्हणजे ३४ नॉट्सपासूनचे वारे दहा टक्क्यांहून जास्त वेळ नसतील तर समर. एक टक्क्याहून जास्त नसतील, आणि पाच अंशांच्या चौकोनात कुठल्याही एका महिन्यात दहा वर्षांत एकापेक्षा जास्त उष्णकटिबंधीय वादळ येत नसेल, तर ट्रॉपिकल.

काही पट्ट्यांत तारखेनुसार रेषा बदलते. बंगालचा उपसागर १ डिसेंबर ते ३० एप्रिल ट्रॉपिकल असतो आणि १ मे ते ३० नोव्हेंबर समर. मान्सूनच्या आधीची आणि नंतरची चक्रीवादळं बघितली की या तारखा लगेच पटतात. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तिथे टीवर भरून निघालेलं जहाज १ मे रोजी उपसागरातच असेल तर त्या दिवशी ते एसवर आलेलं असलं पाहिजे. उत्तर अटलांटिकच्या पहिल्या हंगामी पट्ट्यात हिवाळा १६ ऑक्टोबर ते १५ एप्रिल, दुसऱ्यात १ नोव्हेंबर ते ३१ मार्च. हिशेब करताना अंतरासोबत पोहोचायची तारीखही लिहा, आणि जहाज उशिरा सुटलं की दोन्ही पुन्हा तपासा.

बंदर नेमकं झोनच्या सीमेवर असेल तर जहाज ज्या झोनमधून आलं किंवा ज्यात निघालं आहे, त्या झोनमधलं ते बंदर मानतात.

डब्ल्यूएनए: उत्तर अटलांटिकच्या हिवाळ्यासाठीची ही रेषा डब्ल्यूच्या ५० मिमी खाली असते, पण फक्त १०० मीटरपर्यंत लांबीच्या जहाजांना. तुमचं जहाज १६५ मीटरचं, म्हणून त्याला ती नसेल. तिथे डब्ल्यूच लागू.

---

होकायंत्र

टीचं आता स्पष्ट झालं. दोन गोष्टी राहिल्या. पुढचा आणि मागचा ड्राफ्ट घेऊन सरासरी बरोबर ९.६० येते, तरी मधली रेषा बुडालेली दिसते, असं का होतं? आणि हिवाळी झोनमधल्या गोड्या पाण्याच्या बंदरासाठी खूणच नाही, तिथे काय करायचं?

---

नाळ_ते_वरवंडी

दुसरं सोपं, ते आधी. खूण नसली तरी अलाउन्स तोच. डब्ल्यूच्या वरच्या कडेपासून २१० मिमी वर मोजा, बस. टीएफ ही रेषाही तशीच बनलेली आहे: टीच्या वर २१०, म्हणजे १०.०१ मीटर. डब्ल्यूला विस्थापन थोडं कमी असल्याने खरा अलाउन्स किंचित कमी निघतो, पण खुणांच्या आसपास हा फरक नगण्य. मात्र जहाज अर्धंमुर्धं भरलेलं असताना २१० वापरू नका. तो आकडा समर विस्थापनाचा आहे.

आता वाकलेल्या जहाजाबद्दल. जहाज म्हणजे लांब तुळई आहे. मधल्या खणांत वजन जास्त झालं की पोट खाली जातं, त्याला सॅगिंग. टोकांना जास्त झालं की पाठ वर येते, ते हॉगिंग. पुढे ९.५० आणि मागे ९.७० असेल तर सरासरी ९.६०, पण मध्ये ९.६६ वाचत असेल तर ६ सेंमी सॅग आहे आणि लोडलाइन ६ सेंमी बुडालेली आहे. वर्तुळ मध्यावर असतं, त्यामुळे निर्णय मध्यावर होतो. टोकांची सरासरी दाखवून सुटका नाही.

विस्थापन काढायला मात्र मधल्या ड्राफ्टला सहापट वजन द्यायचं: (९.५० + ६ × ९.६६ + ९.७०) ÷ ८ = ९.६४५. म्हणजे जहाजावर खरोखरच जास्त वजन आहे, नुसता वाकण्याचा भास नाही.

सॅगमुळे माल कमी घेता येतो, म्हणून काहीजण मुद्दाम टोकांच्या खणांत माल वाढवून जहाज हॉग करतात. मध्यावर रेषा छान दिसते, विस्थापन मात्र मर्यादेच्या वर गेलेलं असतं आणि बेंडिंग मोमेंटही (जहाजाला वाकवणारा ताण) वाढतो. हे करू नका. मध्यावरची रेषा आणि विस्थापन, दोन्ही आत असली पाहिजेत. भर उन्हात डेकचा पत्रा तापून लांबतो आणि खालचा भाग थंड पाण्यात असतो, त्यानेही थोडा हॉग येतो. शेवटचं वाचन दुपारी घेतलं असेल तर हे लक्षात ठेवा.

दोन बाजूंबद्दल: सरासरी बरोबर आहे. तुमचा फरक ६० मिमीचा, २७ मीटर रुंदीला तो एक अंशाच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढा कल आहे. पण एक अंश कल असेल तर दोन बाजूंत ४७ सेंमी फरक पडतो आणि खालच्या बाजूची रेषा ठळकपणे पाण्याखाली दिसते. सरासरी कागदावर बरोबर असली तरी तसं निघू नये, आधी कल काढावा. नुसत्या धक्क्याच्या बाजूचं वाचन घेऊन समुद्राची बाजू अंदाजाने लिहिणं हे तर अजिबात नको. शिडी किंवा होडीतून दुसरी बाजू प्रत्यक्ष वाचा.

लाटा असतील तर रेषेवर पाणी वरखाली होतं. एक मिनिटभर पाहून सगळ्यात वरची आणि खालची पातळी टिपा, असं अनेकदा करा आणि सरासरी घ्या. किंवा पारदर्शक नळी उभी धरा. तिचं खालचं तोंड बारीक ठेवलं की आतलं पाणी जवळपास स्थिर राहतं.

---

सुकाणू

एक भर घालतो, कारण वर कुणीच हे बोललं नाही आणि माझ्या मते हाच विषयाचा गाभा आहे. पाण्याच्या वर राहणारा जो बंदिस्त भाग आहे, तोच जहाजाची राखीव तरणशक्ती. फ्रीबोर्ड तिच्यासाठी राखलेला असतो, आणि तो भाग खरोखर पाणीबंद असेल तरच ती असते.

म्हणूनच सारख्या लांबीच्या दोन जहाजांना वेगळा फ्रीबोर्ड मिळतो. कराराच्या तक्त्यात १०० मीटर लांबीला टँकरसारख्या ए प्रकारच्या जहाजाला ११३५ मिमी, तर मोठी हॅच (माल उतरवायची डेकमधली तोंडं) असलेल्या बी प्रकाराला १२७१ मिमी. टँकरच्या डेकला उघडी तोंडं लहान आणि थोडी, म्हणून त्याला जास्त बुडायची मुभा. पुढे जहाजाचा भरीवपणा, खोली, डेकवरची बांधकामं, डेकचा बाक आणि नाळेची किमान उंची यांनी हा आकडा बदलत जातो.

ही मुभा अटींवर असते. उघड्या फ्रीबोर्ड डेकवर हॅचचं कोमिंग (तोंडाभोवतीची उभी कड) किमान ६०० मिमी उंच, हवेच्या नळ्या ७६० मिमी, व्हेंटिलेटर ९०० मिमी, बुलवार्कमधून (डेकच्या कडेच्या कठड्यातून) पाणी बाहेर जायला फ्रीइंग पोर्ट, म्हणजे त्यातली भोकं, मोकळे. वार्षिक सर्व्हेत हेच तपासतात. हॅचचं रबर कडक झालंय, हवेच्या नळीतला चेंडू अडकलाय, फ्रीइंग पोर्टची झडप गंजून बसली आहे, तर पाणी एसच्या खाली असूनही ज्या गृहीतावर ती रेषा काढली ते उरलेलं नाही. फ्रीइंग पोर्टला लाकडं ठोकून बंद करणं हा यातला सगळ्यात वाईट प्रकार. डेकवर चढलेलं पाणी तिथेच साठतं, वजन वाढतं, आणि मोकळं हलणारं पाणी स्थिरता खातं.

---

भरतीओहोटी

लाकूड वाहणाऱ्या जहाजावर वर्तुळाच्या मागच्या बाजूला रेषांचा दुसरा संच दिसेल, प्रत्येक अक्षराआधी एल लावलेला. डेकवर नियमाप्रमाणे रचून बांधलेलं लाकूड स्वतः तरंगतं आणि लाटांपासून आडोसा देतं, म्हणून त्याला कमी फ्रीबोर्ड चालतो. तिथे हिवाळ्याची वजावट १/४८ नसून लाकडाच्या समर ड्राफ्टच्या १/३६ आहे. डेकवर लाकूड नसेल, किंवा बांधणी नियमाप्रमाणे नसेल, तर हा संच वापरता येत नाही. नेहमीच्याच रेषा लागू.

प्रवासी जहाजावर याशिवाय पी१, पी२ अशा खुणा असतात, जुन्या जहाजांवर त्या सी१, सी२. त्या पाणी शिरल्यावर तग धरण्याच्या हिशेबातून येतात. त्या आणि ऋतूची रेषा यांतली जी खालची, ती पाळायची.